हिरव्या झाकणाचा डबा

५ फेब्रुवारी, बुधवार

पुठ्ठा! आईचा आजचा निकाल — पुठ्ठा. मागच्या खेपेला "भिजलेला पुठ्ठा" होता. म्हणजे एवढ्या खटाटोपातून आम्ही तो फक्त वाळवला.

नऊ वर्षं मी वाटाण्याला कोंबडी व्हायला शिकवतेय आणि वाटाणा काही ऐकत नाही. आमच्या कंपनीच्या दुकानांत गर्दी असते. कॉलेजची पोरं बर्गर खातात, तळलेल्या तुकड्यांचे डबे घरी नेतात, "अजिबात कळत नाही हां, चिकन नाहीये ते!" म्हणतात. कळतं! सॉस बाजूला ठेवा आणि मग बोला. आईला मी सॉसशिवाय देते. ती एक घास घेते, डोळे बारीक करते आणि माझ्या सगळ्या मेहनतीवर पाणी ओतते.

आज चिडलेच. "जरा कौतुक केलंस तर काय बिघडेल गं तुझं?" तर म्हणे, "खोटं कौतुक हवं असेल तर ऑफिसात आहेत की माणसं." खरं आहे. म्हणून तर तिच्यापुढे नेऊन ठेवते. तीस वर्षं बस-अड्ड्यासमोर चिकन तळून विकलेली बाई आहे ती.

वर मला सर्दी. नाक गच्च. मला सध्या सगळंच पुठ्ठा लागतंय.

८ फेब्रुवारी, शनिवार

आमचे घाईसाहेब आज नेहमीपेक्षाही घाईत. (खरं नाव इथे लिहायचं नाही, चुकून वही कुठे राहिली तर नोकरी जायची. हे नाव तर त्यांना शोभूनही दिसतं.) दारातूनच म्हणाले, "शुक्रवारी चाचणी. नवीन तुकडा विरुद्ध खरं चिकन. समोरासमोर."

शुक्रवारी! म्हटलं, सर, अजून आतला ओलावा जमत नाहीये, महिना द्या. "महिना कोणाकडे आहे?" आणि गेले. वाक्याचं उत्तर ऐकायला थांबतील तर शपथ.

समोरासमोर म्हणजे तीन तुकड्यांची चाचणी. चाखणाऱ्याला तीन तुकडे द्यायचे, दोन एका जातीचे, एक वेगळा. वेगळा कोणता ते त्याने सांगायचं. चाखणारे बारा, सगळे मांसाहारी, पक्क्या जिभेचे. तीन वेळा ही चाचणी झाली आणि तिन्ही वेळा त्यांनी आम्हाला हसत हसत पकडलं. एकाने तर चावायच्या आधीच बोट ठेवलं. "वास!" म्हणाला.

दुपारपासून तीनदा उठून स्वयंपाकघरात गेले, काहीच न करता परत आले. आई म्हणाली, "बस गं एका जागी, मला गरगरायला लागलं."

९ फेब्रुवारी, रविवार

दादाचा फोन. तिकडे थंडी, मुलांची परीक्षा, वगैरे. मग नेहमीचं — "आई काही नीट खाते का? डॉक्टरांनी अंगात ताकद नाही म्हटलंय. तिला चिकनचं सूप दे की." जणू मी देत नाही म्हणून ती खात नाही! दादा लांब असल्यामुळे त्याला सगळं सोपं दिसतं.

बाबा दवाखान्यात होते तेव्हा त्यांनी आईकडे एकच गोष्ट मागितली होती. "तुझ्या हातचा एक तुकडा आण." डॉक्टरांनी पातळ सूपशिवाय काही द्यायचं नाही सांगितलेलं. आई म्हणाली, "आत्ता नाही. बरे व्हा, घरी या, मग हवे तेवढे खा." घरी काही आले नाहीत ते. नंतर डॉक्टर म्हणाले की दिला असता तरी काही फरक पडला नसता. हे त्यांनी आईसमोर म्हणायला नको होतं. तिने गाडा विकला, मोठी कढई विकली आणि मांसाला शिवणं सोडलं. "ज्याला शेवटचा घास नाही म्हटलं, त्याच्या माघारी मी कुठल्या तोंडाने खाऊ?" सहा वर्षं झाली याला. तिने कधी गाजावाजा केला नाही, कोणाला शिकवायलाही गेली नाही. मी बाहेर खाते, तिला चालतं.

पण जीभ मेलेली नाही तिची! गल्लीत कुठे चिकन तळलं जात असलं की खिडकीपाशी जाऊन उभी राहते आणि "कपडे वाळले का बघते" म्हणते. मला म्हणाली होती, "तुझं ते जमलं ना, की मी पोटभर खाईन. त्यात माझा शब्द मोडत नाही."

कंपनीला काय करायचंय ते करू दे. मला हे तिच्यासाठी जमवायचं आहे. बस.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर उभी. पाय सुजले.

आमचा ऑफिसातला आचारी सकाळपासून खऱ्या चिकनचे तुकडे करत होता, आमच्याच साच्यात, आमचंच पीठ लावून, आमच्याच तेलात अर्धकच्चे तळून. बाहेरून खरं-खोटं ओळखू येता कामा नये, नाहीतर चाचणी कसली? गार खोलीत डबे लावले. खऱ्या चिकनला लाल झाकण, आपल्याला हिरवं. डब्यांवर नावं लिहायची नाहीत. वाढणाऱ्या मुलींना कळलं तर त्यांच्या तोंडावर दिसतं, आणि चाखणारे तेच वाचतात. हा नियम मीच घातलेला. आचारी त्यावरून चिडवतो, "ताई, तुमच्या गार खोलीत जाताना मला माझं नावसुद्धा आठवत नाही."

दाढ दुखते म्हणून तो दुपारीच घरी गेला. गाल टरारून सुजला होता बिचाऱ्याचा, बोलताही येईना. उरलेलं मी आवरलं.

मशीनमधून आज निघालेला लगदा मात्र बरा वाटला. धागे लांब होते. बोटांनी उकलून बघितला. चव विचारू नका, नाक अजून बंद.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

जमलं.

जमलं, जमलं, जमलं!!

अक्षर बघा कसं आलंय. बाराजणांत चौघांनी वेगळा तुकडा ओळखला, आणि तेवढे तर डोळे मिटून बोट ठेवलं तरी ओळखता येतात! बाकीचे आठ चुकले. ज्याने मागे चावायच्या आधी "वास!" म्हणून आमची लाज काढली होती, तो पंधरा मिनिटं तांबड्या दिव्याखाली बसून तीन तुकड्यांकडे बघत होता. (दिवा तांबडा, कारण रंगावरून ओळखू नये.) शेवटी बाहेर येऊन म्हणाला, "मी सोडतो. तिन्ही सारखेच आहेत." पिंपावर बसले.

सकाळी मात्र सगळं उलटंसुलटं चाललं होतं. गार खोलीत फरशीवर बर्फ, माझा पाय सटकला, बुटाच्या तळाला कसली तरी लाल चिकटपट्टी अडकली ती निघता निघेना, वाढणाऱ्या दोघींपैकी एक उशिरा आली. म्हटलं, आज काही खरं नाही. आणि बघा!

घाईसाहेबांनी माझा हात हातात घेऊन हलवला. चक्क पूर्ण वाक्य बोलले. "तुमच्यामुळे झालं हे." आचारी सुट्टीवर, नाहीतर त्याला मिठीच मारली असती.

हिरव्या झाकणाच्या डब्यात उरलेले सगळे तुकडे पिशवीत भरून घरी आणलेत. नियमाप्रमाणे जो मांडतो तो खात नाही, म्हणून मी चाखलेसुद्धा नाहीत. आई दुपारीच शेजारी गेली होती ती आता दमून आडवी झालीय. उद्या! उद्या गरम तळून देते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आई "हो" म्हणाली.

हे नीट लिहून ठेवायचं आहे. सकाळी तेल तापवलं. ती टेबलापाशी चहा घेत होती. चार तुकडे तळले, सॉस नाही, काही नाही, पांढऱ्या ताटलीत ठेवले. मी ओट्याला टेकून उभी. तिने एक तुकडा मोडला, आत बघितलं. वास घेतला. माझ्याकडे बघितलं. मग तोंडात घातला.

चावता चावता थांबली. मला वाटलं, झालं, पुठ्ठा! पण ती नुसती माझ्याकडे बघत होती. मी वेड्यासारखी हसत होते बहुतेक, कारण मला राहवतच नव्हतं. तिने विचारलं, "हे तू केलंस?" म्हटलं, "हो!" "सगळं?" "सगळं! वाटाण्यापासून!" मग तिने परत चावायला सुरुवात केली, सावकाश. गिळलं. आणि म्हणाली, "हो गं. हेच. अगदी हेच."

डोळ्यांत पाणी आलं तिच्या. म्हणाली, मिरी जास्त झालीय. मिरी! मीही रडले, ते सर्दीवर खपलं. मी एक तुकडा खाल्ला, पण माझ्या नाकाला कुठलं काय कळतंय. आईने आणखी एक खाल्ला, मी आग्रहच केला. मग तोंड धुवायला गेली आणि बराच वेळ आतच होती. ताटली मला घासू दिली नाही, स्वतः घासली.

आज मला कोणी काहीही मागावं. देऊन टाकेन.

१६ फेब्रुवारी, रविवार

उरलेले तुकडे आईने वॉचमनला देऊन टाकले! मला न विचारता! आज परत तळायचे म्हणून मी फ्रीज उघडते तर पिशवी गायब. "अगं, रोज रोज जड पडतं मला. आता सवय राहिली नाही." बरं, पण सगळेच?

खाली वॉचमन भेटला. "ताई, आईंनी चिकन दिलं ते झकास होतं हां!" मी पोट धरून हसले. आईने त्याला चिकन म्हणूनच दिलंय! आमच्या आईला या वयात चेष्टा सुचते. आणि तोही फसला! घाईसाहेबांना सांगायला हवं, तेरावा चाखणारा.

बाबांचं मनगटी घड्याळ आज बंद दिसलं. आई त्याला रोज सकाळी चावी देते, चुकत नाही कधी. विसरली म्हणाली. मी द्यायला गेले तर, "राहू दे, मी देईन." नाही दिली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसात नुसता गोंधळ. सगळ्या दुकानांवर फलक लागणार — "ओळखून दाखवा!" खाली लहान अक्षरात आमची चाचणी. घाईसाहेब धावतायत, फोन धावतायत. मला बढती मिळणार असं कानावर आलं.

खुशीत असायला हवं. आहेही. पण काहीतरी टोचतंय. चपलेत खडा असावा आणि काढायला जावं तर सापडू नये, तसं. बुधवारपर्यंत आम्ही पुठ्ठा होतो! ओलावा तर मी बदललाच नव्हता. फक्त धागे लांब झाले. धाग्यांनी एवढं होतं?

जाऊ दे. माझ्या नशिबात सुखाने बसणंच नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आई नीट जेवत नाही. दोन दिवस नुसतं भाज्यांचं सूप आणि पाव. विचारलं तर "भूक नाही." घड्याळ अजून बंदच, कपाटात ठेवून दिलंय तिने. आज मी म्हटलं, सोमवारी परत आणते तुकडे, तर एकदम म्हणाली, "नको!" आणि मग हळू आवाजात, "पुढच्या महिन्यात बघू."

एवढं "हेच, हेच" म्हणणारी बाई! म्हटलं, तुला आवडलं होतं ना? "आवडलं होतं गं बाई. आवडलं होतं." असं म्हणून टीव्ही लावला आणि बातम्या बघत बसली. बातम्या ती कधी बघत नाही.

मला वाटतं तिला बाबांची आठवण आली असणार त्या चवीने. हे माझ्या डोक्यात आधी का आलं नाही? आपण घास पुढे केला की समोरच्याला आनंदच होतो असं धरून चालते मी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नाक उघडलं! सकाळी चहाचा वास आला आणि जिवात जीव आला.

ऑफिसात गेल्या गेल्या गार खोलीतून हिरव्या झाकणाचा दुसरा डबा काढला, तोच घाणा, तेराव्या तारखेचा. दोन तुकडे तळले. आता आपली करामत आपण चाखू.

पुठ्ठा.

दुसरा खाल्ला. पुठ्ठा, थोडा बऱ्या धाग्यांचा. आत कोरडा, मागून वाटाण्याचा तो हिरवट वास, जो मला झोपेतही ओळखू येतो.

आठ दिवसांत गारठ्याने चव उतरली असेल? पण आमचे तुकडे तर महिनाभर टिकतात, ते मीच तपासलंय. तिसरा खायला घेतला आणि ठेवून दिला. कोणाला काही बोलले नाही. आचारी सोमवारी येतोय, दाढ काढली त्याची.

दोन दिवस काय करू मी? घर दोनदा झाडलं. आई म्हणाली, "झाडून झाडून फरशी झिजवशील."

२४ फेब्रुवारी, सोमवार

आचाऱ्याला विचारलं. सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या दिवशी डब्यांत काही अदलाबदल झाली होती का हो?"

"अदलाबदल नाही ताई. लाल झाकणाचा डबा भरला, बरेच तुकडे उरले. दुसरा लाल डबा सापडेना. मग हिरव्यात घातले आणि वर लाल चिकटपट्टी लावली. लक्षात आली ना तुमच्या? सांगणार होतो, पण दाढेने जीव जात होता."

गारठ्यात चिकटपट्टी टिकत नाही. निघून पडते. खाली बर्फात पडते आणि कोणाच्या तरी बुटाला चिकटते आणि ती बाई ती पट्टी ओरबाडून काढते, कचऱ्यात टाकते, आणि पुढ्यातला हिरवा डबा उचलते.

तिन्ही तुकडे सारखेच होते. तो माणूस खरं बोलत होता. तिन्ही चिकन.

आणि मी तो डबा घरी नेला.

मी आईला चिकन खाऊ घातलं. सहा वर्षं तिने पाळलेला शब्द मी हसत हसत, ओट्याला टेकून, आग्रह करकरून मोडला. एक खाल्ला तर दुसरा घे म्हटलं! आणि ती बिचारी "हेच, हेच" म्हणत राहिली. विश्वासाने खाल्लं तिने. मुलीने वाटाण्याचं म्हणून सांगितलं, म्हणून खाल्लं.

आचारी विचारत होता, "काय झालं ताई? पांढऱ्या पडलात." काही नाही म्हटलं. संडासात जाऊन बसले. कितीतरी वेळ बाहेर येववेना.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दादाला फोन केला. आधी तो हसला! मग मी रडतेय म्हटल्यावर हसणं आवरलं. म्हणाला, "तिने आवडीने खाल्लं ना? मग पाप असलंच तर तुझं. तिला कशाला वाटेकरी करतेस? ती मनाला लावून घेईल, आधीच धड खात नाही. नको सांगूस." आणि वर, "निदान अंगाला तरी लागलं असेल."

दादाचं सगळं सोपं असतं. पण हे मला पटतंयही, त्याचाच राग येतोय. तिला सांगितलं तर ती काय करेल? ओरडणार नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसतं "बरं" म्हणेल आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहील. आणि नाही सांगितलं, तर पुढच्या महिन्यात मी खरे वाटाण्याचे तुकडे आणून देईन, ती म्हणेल, "अगं, मागच्यासारखं नाही लागलं." दर वेळी. आयुष्यभर.

संध्याकाळी तिने माझ्या केसांना तेल लावून दिलं. मी म्हणाले नव्हते. लावता लावता विचारलं, "ऑफिसात काही झालं का?" "नाही," म्हटलं. "बरं," म्हणाली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

घाईसाहेबांना सांगितलं. त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहून एका दमात, नाहीतर ते निसटले असते.

पहिल्यांदाच ते खुर्चीवर नीट बसले. "ऑफिसात कोणाकोणाला माहीत आहे?" तुम्हाला, मला, आणि आज सकाळी सांगितलं त्या आचाऱ्याला. "फलक लागले आहेत, ठाऊक आहे ना?" म्हटलं, येताना बघितले, तीन दुकानांवर. "म्हणजे आपण चिकनची चिकनशी तुलना केली आणि चिकन जिंकलं!" मला हसूच फुटलं, वाईट हसू. तेही हसले, मग हसायचे थांबले.

म्हणाले, "हे दाबता येईल." म्हटलं, सर, माझ्या आईला खाऊ घातलं मी ते. ती खात नाही. सोडलंय तिने. याचा चाचणीशी काय संबंध ते मलाही सांगता येईना, पण तेच तोंडातून आलं. ते बराच वेळ टेबलावरची टाचणी फिरवत राहिले. "आईंना सांगितलंत?" नाही. "मग मला आधी का सांगितलंत?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं.

शेवटी म्हणाले, "उद्या परत घ्या चाचणी. डब्यांवर नावं लिहा, मोठ्या अक्षरात. वाढणाऱ्यांच्या तोंडाला फडकं बांधा हवं तर." इतका समजूतदार माणूस घाईत कुठे लपून असतो, देव जाणे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बारापैकी अकरा. "वास!"वाला माणूस चावायच्या आधीच बोट ठेवून बाहेर आला आणि म्हणाला, "आज कळलं! मागच्या वेळी मला वाटलं माझीच जीभ गेली, बायकोला घेऊन डॉक्टरकडे जाऊन आलो." त्याची माफी मागितली. त्याला कशाची ते कळलं नाही.

फलक उतरवायला माणसं गेली. बढतीचं कोणी बोललं नाही. आचारी माझ्याशेजारी येऊन बसला, "चूक माझी, ताई." म्हटलं, चूक चिकटपट्टीची. दोघांनी चहा घेतला.

नाही म्हटलं तरी हलकं वाटतंय. अर्धंच. उरलेलं अर्धं घरी बसलंय.

१ मार्च, शनिवार

ठरवून हिरवे तुकडे आणले. या वेळी स्वतः भरले, स्वतः चाखून बघितले, खात्रीने वाटाणा. म्हटलं, आधी हे तिला देईन, ती "नाही" म्हणेल, मग त्यावरून विषय निघेल आणि सांगून टाकेन. पळपुटेपणा आहे, पण आरंभ करायला काहीतरी आधार हवा ना!

तेल तापवलं. तेच टेबल, तीच पांढरी ताटली. तिला तुकडे दिसले आणि चेहरा असा उतरला की माझ्या हातातला झारा तसाच राहिला. "परत?" म्हणाली. खुर्ची मागे सरकवली तिने. म्हटलं, एकच घास. हात जोडते.

तिने तुकडा मोडला. आत बघितलं. वास घेतला, आणि मग परत एकदा घेतला. आणि तिचे खांदे एकदम खाली आले. तोंडात घातला, चावला, आणि — हसली!

"पुठ्ठा!"

इतक्या आनंदाने कोणी कोणाला पुठ्ठा म्हटलं नसेल. "धागा बरा जमलाय हो. आत कोरडं आहे. वाटाणा मागून डोकावतोच आहे बघ." आणि अख्खा तुकडा खाल्ला. दुसरा घेतला. तिसरा घेतला! पंधरा दिवसांत एवढं खाताना तिला बघितलं नव्हतं. वर मला म्हणते, "तू पण घे, उभी काय राहिलीस खांबासारखी."

मला काही समजेना. पुठ्ठ्यावर एवढी खूश? ती खात होती, इतकी निवांत खात होती. मध्येच तिला कसं सांगायचं? नाही सांगितलं. उद्या. उद्या सकाळी चहाच्या वेळी, दुसरं काही बोलायच्या आधी.

२ मार्च, रविवार

उठले तर बाबांचं घड्याळ टेबलावर, टिकटिक चालू. आई चावी देऊन पुसत बसली होती. म्हटलं, "आई, त्या दिवशीचं जे होतं ना —"

"चिकन होतं," ती म्हणाली. "पहिल्याच घासाला कळलं. थुंकणारच होते. पण तू ओट्याला टेकून अशी हसत उभी होतीस. तुझ्या बाबांना नाही म्हटलं होतं मी. आता तुलाही कुठे नाही म्हणू?"